सहल दोघींची ठरली होती

शैला, तुझ्या तेरवीला मी कामठीहून मिळाली ती पहिली बस धरून नागपूरला आले, आणि तरी वत्सला माझ्याआधी पोचलेली होती. तुझ्या दादांच्या स्वयंपाकघरात पदर खोचून ती वड्यांची डाळ वाटत बसली होती. इतकी वर्षं त्या घरात येऊन-जाऊन मला पाटा कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं, आणि तिला होतं. वहिनी म्हणाल्या, "ये वं प्रमिला, बस. वत्सलाताईनं सारं सांभाळून घेतलं पाह्य."

मी बसले. बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांत, तुझ्या फोटोसमोर. फोटोही अमरावतीला, तिच्या गावी काढलेला. त्यातली साडी मी कधी पाहिली नव्हती. भेटायला येणारे आधी आत वत्सलाजवळ जायचे, तिचे हात हातात घ्यायचे, आणि बाहेर येताना मला विचारायचे, "तुम्ही कोण?" मी सांगायची, "आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सोबत होतो." एवढंच. तुझी-माझी सगळी ओळख त्या एका वाक्यात मावते, हे मला त्या दिवशी कळलं.

तू असतीस तर माझ्याकडे पाहून म्हणाली असतीस, "पमे, तुह्या नाकाचा शेंडा लाल झाला. आता कोणावर जळून राहिली?" तिच्यावरच. अजून तिच्यावरच. तू गेल्यावर तरी हे थांबेल असं मला वाटलं होतं, पण रडण्यातही आमची चढाओढ चालली आहे आणि त्यातही तीच पुढे आहे.

तुला आठवतं का, सहल पहिल्यांदा माझ्या डोक्यात आली होती? आणि ती दोघींची होती. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. ट्रंक एक्स्चेंजच्या लांब खोलीत तुझा आणि माझा बोर्ड शेजारी-शेजारी. कानाला हेडफोन, समोर दिवे, हातात कॉल जोडायच्या दोऱ्या. दिवसभर आपण लोकांना रायपूर देत होतो, जबलपूर देत होतो, मुंबईची लाइन मिळत नाही म्हणून शिव्या खात होतो, आणि स्वतः रामटेकच्या पलीकडे कुठं गेलो नव्हतो. एक दिवस मी तुला म्हटलं, "चार दिवस रजा टाकू. पचमढीला जाऊ. तू आणि मी." तू भज्याचा घास तसाच तोंडात ठेवून माझ्याकडे पाहिलंस. "दोघीच?" "दोघीच." तू हसलीस. ते हसू मी पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं.

मग अमरावतीच्या बोर्डावर ती नवी आली.

पहिल्यांदा ती नुसता आवाज होती. जरा जाड, ठाम, शब्द संपवताना किंचित खाली येणारा. "नागपूर, अमरावती बोलते." तू म्हणालीस, "पमे, ऐक ना, काय आवाज आहे वं हिचा!" मी ऐकला. बरा होता. पण पुढे-पुढे अमरावतीचा दिवा लागला की तू तो माझ्या हाताखालूनसुद्धा घ्यायला लागलीस. दोन कॉलच्या मधे लाइन मोकळी असली की तुमचं सुरू व्हायचं. खाजगी बोलायला बंदी होती, म्हणून तू तोंडावर हात धरून बोलायचीस, आणि मी शेजारी असल्यामुळे मला फक्त तुझीच बाजू ऐकू यायची. "हो का?" मग हसणं. "नाही हो, तसं काही नाही." मग कितीतरी वेळ नुसतं ऐकणं, आणि तुझ्या चेहऱ्यावर ते ऐकलेलं एकेक करून उमटणं. ती काय बोलत असेल ते मी तुझ्या भुवयांवरून ओळखायचा प्रयत्न करायची. एखादा माणूस आवडत नाही म्हणायला त्याला निदान पाहिलेलं तरी असावं लागतं. मी एका आवाजावर जळत होते.

एके दिवशी कॅन्टीनमध्ये तू म्हणालीस, "पचमढी राहू दे. अमरावतीले जाऊ. दोन दिवस गावात राहू, अंबादेवीचं दर्शन घेऊ, अन् एक दिवस चिखलदरा. सकाळी वर, सायंकाळपर्यंत खाली. वत्सलाकडं उतरू."

मी विचारलं, "हे कोणाचं डोकं?"

"दोघींचं."

दोघी म्हणजे तेव्हा तू आणि मी होतो ना, शैला? मी तेवढंच विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "पचमढी उंच आहे." तू म्हणालीस, "चिखलदराही काही खड्ड्यात नाही." हा वाद आपण तू जाईपर्यंत चालवला. तू पंचेचाळिशीतही अमरावतीहून आलीस की म्हणायचीस, "काय मग, पचमढीले जाऊन आली का नाही?" आणि मी म्हणायची, तुझ्याशिवाय कोणासोबत जाणार. हे तू थट्टेवारी न्यायचीस.

खरं सांगायचं तर पचमढीला आपल्याला कोणी जाऊच दिलं नसतं. बिनलग्नाच्या दोन पोरी परक्या गावात हॉटेलात उतरणार म्हटल्यावर माझ्या बाबांनी जेवण सोडलं असतं. वत्सलाचं घर होतं, घरात तिचे म्हातारे वडील होते, शेजारी देवीचं देऊळ होतं, म्हणून बाबा "बरं" म्हणाले आणि तुझे दादा गप्प बसले. म्हणजे ती नसती तर सहलच झाली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानं राग कमी झाला नाही, वाढलाच.

मग महिनाभर तुमची तयारी. मोर्शीच्या पार्टीचा कॉल लागेपर्यंत तुम्ही गाड्यांच्या वेळा ठरवल्या. चिखलदऱ्याला सरळ गाडी जाते की परतवाड्याला बदलावी लागते, घाट किती वळणांचा, वर जेवायला मिळतं की डबा न्यायचा. ती तिकडून एस. टी.च्या कंट्रोलरला विचारून ठेवायची. एकदा तर तिनं वरच्या विश्रामगृहाच्या चौकीदाराला फोन लावून हवा विचारली. नागपूरच्या त्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, घामानं चिकटलेले ब्लाउज घालून आम्ही सगळ्या चहा पीत होतो आणि तू आत येऊन जाहीर केलंस, "आज चिखलदऱ्याले ढग उतरले आहेत." सगळ्या हसल्या. मी चहा खाली ठेवला. माझ्या सहलीचे ढगसुद्धा मला तिच्याकडून कळत होते.

दसरा झाल्यावर आपण निघालो. बसमध्ये तू खिडकीशी, मी तुझ्याजवळ. कोंढाळीला चना-पोहे खाल्ले, तुला ठसका लागला, मी तुझी पाठ थोपटली, तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून तळेगाव येईपर्यंत झोपलीस. माझी सहल म्हणशील तर तेवढीच.

अमरावतीच्या स्टँडवर एक बुटकी, जाड चष्म्याची बाई उभी होती. मनगटावर पुरुषी घड्याळ. मी त्या आवाजाला केवढी उंच, केवढी देखणी केली होती! क्षणभर मला फार बरं वाटलं. मग ती बोलली, आणि तो आवाज तिच्या त्या एवढ्याशा अंगातून आला, आणि तू पिशवी खाली टाकून तिच्याकडे धावलीस. तिनं तुला धरून ठेवलं. मग तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही प्रमिलाबाई ना? मी ओळखलं. तो मागचा आवाज तुमचाच!"

ती अगदी मनापासून म्हणाली होती. तिला लाइनवर तुझ्यामागे कोणी तरी "युवर टाइम इज अप" म्हणताना ऐकू यायचं, ती मी. पण शैला, मी तुझ्या आयुष्यात एवढी पुढे बसलेली, आणि कोणाला तरी मी मागचा आवाज होते.

दोन दिवस तिनं आपल्याला सारं गाव दाखवलं. अंबादेवी, एकवीरा, कापसाच्या गाड्यांनी भरलेला बाजार. गिला वडा खाऊ घातला. वडा आवडला, मी तसं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या बाईंची परवानगी काढून ती आपल्याला तिच्या एक्स्चेंजमध्ये घेऊन गेली. आपल्यापेक्षा लहान खोली, खिडकीबाहेर कडुनिंब. तू तिच्या खुर्चीत बसलीस, हेडफोन कानाला लावलास आणि नागपूरचा दिवा लागला. तू नुसतं ऐकलंस. मग हेडफोन काढून म्हणालीस, "इथून नागपूर किती दूर वाटते वं." ती काळजीची गोष्ट होती की सुखाची, ते मला तुझ्या तोंडावरून कळेना. तुझ्या चेहऱ्यावरचं न कळण्याची माझी ती पहिली वेळ.

आणि मग चिखलदरा.

परतवाड्याच्या पुढे घाट लागला तसं माझ्या पोटात ढवळायला लागलं. वत्सलानं पिशवीतून सुकवलेला आवळा काढून माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. पुढच्या वळणावर मुकाट्यानं हात पुढे केला. तिनं डबीच माझ्या हातात दिली. तिनं एकदा तरी टोचून बोलायला हवं होतं. तिच्यात राग धरावा असं काहीच सापडत नव्हतं, आणि हा तिचा सगळ्यात मोठा दोष होता.

वर मात्र मी सगळं विसरले. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर अजून हिरवे, दऱ्यांतून ढग वर येऊन रस्त्यावर लोळत होते. कॉफीची झाडं मी पहिल्यांदा पाहिली. देवी पॉइंटला पाण्यात हात घातला तर तो बधिर झाला. दगडावर बसून तिघींनी भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि तू म्हणालीस, "आपण तिघी म्हाताऱ्या झाल्या की इथंच राहू." मला वाटतं मी हो म्हटलं होतं. तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

तिथून आपण पंचबोलला गेलो. समोर दरी, पलीकडे डोंगरांची रांग, आणि वत्सलानं सांगितलं की इथं हाक मारली की पाच वेळा परत येते. टेलिफोनच्या पोरी आपण, आपल्याला कोणी सांगायला हवं होतं का? तू कड्याशी गेलीस, हात तोंडाभोवती धरलेस आणि ओरडलीस, "हॅलो अमरावतीऽऽ!" एकेक डोंगर तुला अमरावती परत देत गेला. आपण तिघी हसून हसून वाकलो. मग वत्सला पुढे झाली आणि तिनं हाक मारली, "शैलूऽऽ!" शैलू म्हणायचं तिनं कधी सुरू केलं होतं? डोंगर म्हणत राहिले, शैलू, शैलू. तू लगेच उत्तर दिलंस, "वत्सलाऽऽ!" ते नाव दरीत लांबवर गेलं आणि हळूहळू परत आलं.

मी वाट पाहत उभी होते. आता माझं. तू माझ्याकडे वळलीस, गाल लाल, केस उडालेले, आणि म्हणालीस, "आता तू ओरड ना वं!"

एवढंच. मी कोणाच्या नावानं ओरडणार होते? तुझं नाव तर तिनं आधीच घेऊन टाकलं होतं. मी म्हटलं, "मी चालली स्टँडवर. गाडीची वेळ झाली."

"अवं, वेळ आहे अजून."

"तुम्ही या मागून."

तुला वाटलं थकले असेन. मी रस्ता सोडून जवळची दिसणारी पायवाट धरली. कॉफीच्या झाडांतून ती थोडी गेली आणि तिला फाटे फुटले, आणि ढग आला. इतका दाट की माझी मलाच चप्पल दिसेना. मी उजवीकडे गेले, डावीकडे गेले, मग एका ओल्या दगडावरून पाय घसरला आणि घोट्यात कळ आली. बसूनच राहिले. खाली कुठे तरी दरी होती एवढं माहीत होतं, कुठे ते माहीत नव्हतं. आधी रागानं डोळे भरले होते, मग खरीखुरी भीती वाटायला लागली. ही दुपारची गाडी गेली की त्या दिवशी खाली जायला दुसरी नव्हती. मी हाका मारल्या. तुझ्याच नावानं मारल्या. तिथं प्रतिध्वनी नव्हता, धुकं सगळं गिळत होतं.

बऱ्याच वेळानं झाडांतून हाक आली, "प्रमिलाबाईऽऽ!" मी ओ दिली. ढगातून आधी चष्मा दिसला, मग वत्सला. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातावर ओरखडे. तिनं मला खांद्याचा आधार दिला. तिचा खांदा माझ्या काखेपर्यंत पोचत होता, तशी ती मला ओढत रस्त्यावर घेऊन आली. मी तिला विचारलेला पहिला प्रश्न, "शैला कुठं आहे?"

तू बसपुढे उभी होतीस. हात पसरून, भर रस्त्यात. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "ओ बाई, बाजूले व्हा ना, आमची नोकरी खाता काय?" आतले लोक शिव्या देत होते, कंडक्टर घंटी मारत होता. तू म्हणत होतीस, "माझी मैत्रीण आल्याबिगर गाडी हलणार नाही. घाला अंगावरून!" मला पाहिलंस आणि रस्त्यातच मटकन खाली बसलीस.

गाडीत मी तुला एकच विचारलं, "तू काहून नाही आली?"

"अवं, गाडी कोण अडवणार होतं? वत्सला एवढीशी. तिले ड्रायव्हरनं उचलून बाजूले ठेवलं असतं."

सगळं गाव सांगेल की तू बरोबर केलंस. गाडी गेली असती तर आपण तिघी तिथं उघड्यावर पडलो असतो. पण ढगात बसलेली असताना मला तुझी हाक हवी होती, शैला. हा वाद मी तुझ्याशी कितीदा उकरून काढला! माझ्या लग्नात काढला, माझ्या मुलीच्या बारशाला काढला. तू दर वेळी कपाळाला हात लावायचीस. "एक बस अडवली मी तुह्यासाठी, बस! अन् तू हिशेब मांगून राहिली!"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू बदली मागितलीस. कॅन्टीनमध्ये, चहा पिता-पिता सांगितलंस. अर्ज आधीच देऊन झाला होता.

"अमरावतीले? काहून?"

"दादा रोज एक स्थळ आणून राहिला. मले लग्न नाही करायचं. तिकडं खोली मिळते, वत्सलाच्या बाजूची."

"अन् मी?"

तेव्हा तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला अजून ते डोळे समोर दिसतात. "तू तर लग्न करून कामठीले चालली ना वं. मी काय तुह्या सासरी राहायले येऊ?"

माझं लग्न ठरून पंधरवडा झाला होता. मी तुला ते साड्यांच्या दुकानात, दुसऱ्या दोघी-तिघींच्या देखत सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, "वा वा." तुला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटला होता का, शैला? मी वत्सलावर जळताना तू कामठीच्या त्या साध्यासुध्या मास्तरावर जळत होतीस का? तू कधी बोलली नाहीस. मी कधी विचारलं नाही. तुझ्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात विचारायचं मनात होतं, पण तिथं खुर्ची एकच असायची आणि तिच्यावर वत्सला असायची.

तू अमरावतीला गेलीस तरी लाइन होतीच. आता दिवा लागला की तिकडून तू बोलायचीस, "नागपूर, अमरावती बोलते," आणि तुझ्यामागे, थोडी दूर, ती कोणाला तरी "होल्ड ऑन" म्हणताना ऐकू यायची. आता ती मागचा आवाज होती. मला त्याचं फार सुख वाटायचं. पण मग तू बोलता-बोलता मान वळवून तिला काही तरी म्हणायचीस, तोंड लाइनपासून दूर गेल्यामुळे शब्द लागायचे नाहीत, आणि परत येऊन मला सांगायचीस, "काही नाही वं, वत्सलाले सांगत होती." लोक आपले आपण नंबर फिरवायला लागले तेव्हा आपले दिवे विझले. मला चौकशीच्या टेबलावर बसवलं. तुझा आवाज मग दिवाळीला, भाऊबीजेला, तू दादांकडे आलीस की.

कावीळ उलटली आणि तुला नागपूरला आणलं तेव्हा आमच्या दोघींची युद्धंच झाली. ती सकाळी तांदळाची पेज आणायची, मी दुपारी मुगाचं पाणी. तू तिची पेज दोन घोट जास्त प्यायलीस तर मला ते दिसायचं. एकदा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "भांडू नका वं. मी दोघींचंही पिते अन् दोघींचंही ओकते." नर्ससुद्धा हसली. वत्सला आणि मी एकमेकींकडे पाहून हसलो, आणि लगेच दोघींनी आपापले डबे उचलले.

तू गेलीस तेव्हा मी कामठीच्या वाटेवर होते. ती तुझ्याजवळ होती. यापेक्षा जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहवत नाही.

तेरवीच्या दुपारी पंगती उठल्यावर मागच्या अंगणात आम्ही दोघी भांडी घासत होतो. नळाला धार बारीक होती. वत्सला एकदम म्हणाली, "प्रमिलाबाई, चिखलदऱ्याले मी शैलूले म्हटलं होतं, तू जा, मी गाडीपुढं आडवी पडते. तिनं नाही ऐकलं."

"काहून?"

"म्हणे, 'ती माझ्यावर रागावली आहे. मी हाक मारली तर ओ देणार नाही, अन् ढगात बसून राहील. तुले देईल.'"

मी राखेचा हात तसाच घेऊन बसून राहिले. म्हणजे तुला माहीत होतं. मी थकले नाही, रागावले आहे, आणि का रागावले, तेही. इतकी वर्षं मी तोच एक प्रश्न विचारत आले आणि तुझ्याजवळ उत्तर होतं, आणि तू ते मला दिलं नाहीस. माझी लाज राखलीस, मला कळतं. त्या दिवशी तुझी हाक आली असती तर मी ओ दिली असती का? दिली असती असं म्हणते, पण मला खात्री नाही. तुला होती. इतकं कोणी मला ओळखलेलं नाही, ना आईनं, ना नवऱ्यानं. पण त्याच क्षणी मला हेही वाटलं की माझ्याबद्दलची ही इतकी आतली गोष्ट तू तिच्याजवळ ठेवलीस. माझं मनसुद्धा तिला माझ्याआधी कळलं होतं.

"मले आधी काहून नाही सांगितलं?" मी वत्सलाला विचारलं.

"तिनं शपथ घातली होती. आता कोण विचारणार?" म्हणाली, आणि चष्मा काढून तशाच ओल्या, राखेच्या हातानं डोळे पुसायला लागली. मी तिचा हात धरला आणि पदरानं तिचे डोळे पुसले. राख गेली असती डोळ्यांत. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. असेल तर मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. अमरावतीची गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळवून दिली, पिशवी वर ठेवली, केळी दिली. तिच्या मांडीवर तुझी शाल होती. मला ती शाल हवी होती, मी मागितली नाही. खाली उतरून मी खिडकीशी उभी राहिले. गाडी सुटायला अवकाश होता आणि आम्हा दोघींना तुझ्याशिवाय बोलायला दुसरं काही नव्हतं.

ती म्हणाली, "मले शैलूचे आधीचे दिवस माहीत नाहीत. तिनं कधी सांगितले नाहीत. म्हणायची, ते सारं पमीजवळ आहे." मग अगदी हळू, "मी पहिल्यांदा तिचा आवाजच ऐकला होता. असा आवाज मी कोणाचा ऐकला नाही. असं वाटे, हिनं शहराबाहेर पाय नसेल ठेवला कधी. तिचा आवाज पहिल्यापासून तसाच होता का हो?"

तुला सांगते शैला, त्या गर्दीत, त्या धुरात उभं राहून मला काय दिसलं. महाराजबागेत मोरांच्या पिंजऱ्यासमोरचा बाक. तू पारशिवनीकडच्या खेड्यातून नुकती आलेली, दोन वेण्या वर बांधलेली, आणि त्या सकाळी सुपरवायझर बाईंनी सगळ्यांसमोर तुझी नक्कल केलेली, कारण तू गिऱ्हाइकाला "यवतमाय देते" म्हणालीस. तू नोकरी सोडायला निघाली होतीस. मी तुला ओळखतही नव्हते, नुसता रुमाल दिला आणि सोबत घेऊन गेले. पाळी संपली की रोज आपण त्या बाकावर. केळं, डोळा, काळा, यवतमाळ. तू "डोया" म्हणायचीस आणि स्वतःच हसत सुटायचीस. मग हॅलो. हॅलो म्हणताना आवाज वर न्यायचा नाही, खाली ठेवायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं आपल्याला भरपूर वेळ आहे. मी म्हणायची, तू मागून म्हणायचीस. इतक्यांदा की शेवटी मला माझाच हॅलो तुझ्या तोंडून ऐकू यायला लागला, आणि तो तुझ्या तोंडात माझ्यापेक्षा गोड होता. माळी यायचा, आपल्याकडे पाहायचा, जायचा. एका सायंकाळी तू "यवतमाळ" एकदम स्वच्छ म्हणालीस, आणि मी तुला मिठी मारली, आणि तू सोडलं नाहीस. कोणी पाहील म्हणून मीच सोडवून घेतलं.

ड्रायव्हर चढला. गाडी थरथरायला लागली. वत्सला खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडे पाहत होती, उत्तराची वाट पाहत.

"हो," मी म्हटलं. "पहिल्यापासून तसाच होता."